पेनी ब्लॅक ते राणीछाप रुपया: राजेराण्यांच्या तिकिटांवरून निघालेली नाणी कशी जमवावीत

आमच्या देवघरातल्या डब्यात एक राणीछाप रुपया असे. लक्ष्मीपूजनाला तो बाहेर निघायचा, त्याला हळदकुंकू लागायचं आणि दुसऱ्या दिवशी परत आत. त्यावर १८४० साल आहे, हे मी मोठेपणी भिंग लावून पाहिलं. ज्या वर्षी हे साल नाण्यावर आलं, त्याच वर्षी लंडनमध्ये जगातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट, पेनी ब्लॅक, निघालं. आणि या नाण्यावरचं व्हिक्टोरिया राणीचं तोंड ज्याने कोरलं, त्याच माणसाच्या एका पदकावरून त्या तिकिटावरचा चेहरा घेतला होता. त्या दिवसापासून माझा तिकिटांचा आणि नाण्यांचा संग्रह वेगळा राहिला नाही.

जुन्या राजेशाही तिकिटांवर बेतलेल्या स्मृतिनाण्यांच्या जाहिराती आता सारख्या दिसतात. काळं चकचकीत नाणं, मखमली डबी, सोबत प्रमाणपत्र. हौशी माणूस डबी पाहून भुलतो आणि पैसे देऊन बसतो. माझं म्हणणं असं की डबी बाजूला ठेवा आणि कोरणाऱ्याचा हात ओळखायला शिका. खालच्या पायऱ्या त्यासाठी आहेत. त्या क्रमाने घ्या, कारण पहिल्या दोन न करता खरेदीला गेलात तर पुढच्या सगळ्या निष्फळ जातात.

पायरी १: आधी तिकीट वाचा

पेनी ब्लॅक १ मे १८४० रोजी विक्रीला आलं आणि ६ मेपासून अधिकृतपणे चालू झालं. त्याआधी ब्रिटनमध्ये बहुतेक वेळा टपालाचे पैसे पत्र घेणारा देई, तेही अंतर आणि कागदांची संख्या मोजून. रोलंड हिल यांनी १८३७ साली सुधारणा मांडली: पाठवणाऱ्याने आधीच पैसे भरायचे, आणि अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला देशात कुठेही एक पेनी. भरलेल्या पेनीची खूण म्हणजे हे तिकीट.

तिकीट छोटं आहे, साधारण १९ बाय २२ मिलिमीटर. वर ‘पोस्टेज’, खाली ‘वन पेनी’, मध्ये डावीकडे पाहणारी तरुण व्हिक्टोरिया. देशाचं नाव नाही, आणि ब्रिटनच्या तिकिटांवर ते आजही नसतं, राजाचा किंवा राणीचा चेहराच पुरतो. वरच्या दोन कोपऱ्यांत ताऱ्यासारखी नक्षी, खालच्या दोन कोपऱ्यांत एकेक इंग्रजी अक्षर. ही अक्षरं नीट समजून घ्या, नाणं पाहताना उपयोगी पडतील. एका पूर्ण तावात २४० तिकिटं: २० ओळी, ओळीत १२. त्या काळी बारा पेनींचा शिलिंग आणि २४० पेनींचा पौंड, म्हणून एक ओळ म्हणजे शिलिंग आणि पूर्ण ताव म्हणजे पौंड. डावं अक्षर ओळ सांगतं, उजवं अक्षर ओळीतली जागा. पहिलं तिकीट ‘ए ए’, शेवटचं ‘टी एल’. कडेला छिद्रं नाहीत, टपाल कारकून कात्रीने कापून देत.

काळा रंग वर्षभरही टिकला नाही. रद्द करण्यासाठी लाल शाईचा माल्टीज क्रॉस मारत, पण काळ्यावर तो नीट दिसेना आणि पुसूनही काढता येई. वापरलेलं तिकीट पुन्हा चालवण्याची भीती खरी होती. फेब्रुवारी १८४१ पासून तिकीट लाल झालं आणि शिक्का काळा. तोवर सहा कोटी ऐंशी लाखांच्या वर काळी तिकिटं छापून झाली होती. हा आकडा लक्षात ठेवा. पेनी ब्लॅक प्रसिद्ध आहे, पण फार दुर्मिळ नाही. ‘अतिदुर्मिळ’ म्हणून कोणी गळ्यात मारू लागला तर हा आकडा आठवा.

पायरी २: तिकिटामागचं पदक पाहा

९ नोव्हेंबर १८३७ रोजी नवी राणी लंडन शहराच्या गिल्डहॉलला, म्हणजे शहराच्या सभागृहाला गेली. त्या भेटीचं पदक विल्यम वायन यांनी कोरलं. ते टांकसाळीचे, म्हणजे रॉयल मिंटचे मुख्य कोरक होते. पदकाचा व्यास ५५ मिलिमीटर, एका बाजूला राणीचं डोकं, दुसऱ्या बाजूला गिल्डहॉलची दर्शनी बाजू. तिकिटासाठी चेहरा हवा होता तेव्हा या पदकावरून हेन्री कॉरबोल्ड यांनी रेखाटन केलं आणि चार्ल्स हीथ व त्यांचा मुलगा फ्रेडरिक यांनी ते पोलादावर कोरलं. छपाई पर्किन्स, बेकन कंपनीची.

चेहराच का घेतला? नक्कल पकडायला. फुलापानांच्या नक्षीत एखादी रेघ चुकली तर कुणाला कळत नाही, पण ओळखीच्या माणसाचं नाक किंचित बदललं तरी डोळ्याला खुपतं. म्हणून चेहरा, आणि त्यामागे यंत्राने काढलेल्या बारीक रेघांची जाळी.

आणखी एक गोष्ट, जी मला फार मोलाची वाटते. तिकिटाचा मूळ ठसा पोलादाच्या एका छोट्या तुकड्यावर एकदाच कोरला. तो तुकडा भट्टीत कठीण केला, त्यावरून मऊ पोलादाचा रूळ दाबून उलटा छाप घेतला, रूळ कठीण केला आणि तो फिरवून छपाईच्या पत्र्यावर २४० वेळा ठसा उमटवला. नाण्याच्या टांकसाळीत मूळ साच्यावरून कामाचे साचे तयार होतात ते याच तत्त्वावर. म्हणजे पेनी ब्लॅक हे कागदावर उतरलेलं धातूचं काम आहे. ते पुन्हा नाण्यावर आलं की माहेरी आल्यासारखं वाटतं.

पदकाची अस्सल प्रत घ्यायलाच हवी असं नाही. चांगला फोटो मोठा करून छापा आणि जवळ ठेवा. पुढे प्रत्येक नाणं त्याच्या शेजारी धरायचं आहे.

पायरी ३: काय जमवायचं ते ठरवा

या विषयात तीन वाटा आहेत. पहिली, ज्या नाण्यांवर तिकिटाचंच चित्र आहे. दुसरी, ज्या कलावंताने तिकीट केलं त्यानेच केलेली नाणी. तिसरी, टपाल खात्याच्या निमित्ताने निघालेली नाणी. पहिली वाट सगळ्यांना दिसते. माझं मन दुसरीत रमतं, आणि ती स्वस्तही पडते.

दुसऱ्या वाटेची उदाहरणं सांगतो. अर्नोल्ड मेचिन यांनी केलेला एलिझाबेथ राणीचा चेहरा ५ जून १९६७ पासून ब्रिटिश तिकिटांवर आला आणि अर्धशतकाहून जास्त काळ राहिला. त्याच मेचिन यांचा चेहरा १९६८ ते १९८४ या काळातल्या ब्रिटिश दशमान नाण्यांवर आहे. दोन्ही शेजारी ठेवून मुकुट बघा: तिकिटावर चौथ्या जॉर्जसाठी बनवलेला मुकुटपट्टा, नाण्यावर वेगळा टिआरा. जुनी दहा पेन्सची नाणी नाणेवाल्यांच्या परदेशी चिल्लरीच्या टोपलीत किरकोळ भावात मिळतात. नवख्याने सुरुवात इथून करावी. शंभर-दोनशे रुपयांत तिकीट आणि नाणं यांची जोडी लागते आणि डोळा तयार होतो.

पाचव्या जॉर्जच्या काळात बर्ट्रम मॅकेनल. ब्रिटिश नाण्यांवरचा राजाचा चेहरा त्यांचा, आणि १९१३ सालची मोठ्या किमतीची ‘सीहॉर्स’ तिकिटंही त्यांची, ज्यांत ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं स्त्रीरूप, समुद्री घोड्यांच्या रथात उभी आहे. आपल्याकडच्या १९११च्या रुपयावरचा राजाही मॅकेनल यांचाच. त्याच्या अंगरख्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, नाणी मागे घेतली आणि पुढच्या वर्षी हत्तीची सोंड स्पष्ट केली. त्याला डुकराचा रुपया म्हणतात. हा संग्रहात असावा, पण खात्रीच्या नाणेवाल्याकडूनच घ्यावा.

आठव्या एडवर्डची गंमत उलटी. १९३६ साली त्याची चार तिकिटं निघाली, पण ब्रिटनमध्ये त्याच्या चेहऱ्याचं एकही नाणं चलनात आलं नाही, त्याआधीच त्याने गादी सोडली. त्यामुळे त्याच्या नावाचं ‘क्राउन’, म्हणजे मोठ्या आकाराचं ब्रिटिश नाणं, कोणी स्वस्तात देऊ लागला तर ते पुढे खाजगी लोकांनी काढलेलं असतं, हे समजून चाला.

आता मुंबईशी थेट नातं असलेली एक गोष्ट. मॉरिशसची १८४७ची ‘पोस्ट ऑफिस’ तिकिटं जोसेफ बर्नार्ड यांनी कोरली, एक पेनीची ५०० आणि दोन पेन्सची ५००. राणीच्या मानेखाली त्यांनी आपली आद्याक्षरं घातली आहेत. त्यांतली एक पेनीची दोन तिकिटं एकाच लिफाफ्यावर लावून पत्र मुंबईला, बायबल सोसायटीच्या इथल्या सचिवांच्या नावे आलं होतं, आणि तो लिफाफा पुढे जगातल्या सर्वात मोलाच्या लिफाफ्यांपैकी एक ठरला. आपल्या आवाक्यातलं नाही हे, पण कोरणाऱ्याची आद्याक्षरं मानेच्या कापाशी शोधायची सवय इथून लावून घ्या. १८४०च्या काही राणीछाप रुपयांवर त्याच जागी ‘डब्ल्यू डब्ल्यू’ सापडतं. ती विल्यम वायन यांची सही.

पायरी ४: पहिलं तिकीट-नाणं घ्या

१९९० साली पेनी ब्लॅकला दीडशे वर्षं झाली तेव्हा ब्रिटनजवळच्या आयल ऑफ मॅन बेटासाठी पोबजॉय मिंट या टांकसाळीने एक क्राउन पाडला. मागच्या बाजूला पेनी ब्लॅक, आणि ‘पर्ल ब्लॅक’ नावाचा काळा मुलामा. या विषयात शिरणाऱ्याने हेच नाणं आधी घ्यावं असं मी सांगतो. कप्रोनिकेलमधलं, म्हणजे तांबं-निकेलच्या मिश्रधातूतलं, सहज मिळतं, चांदीचंही निघालं होतं.

हातात आलं की असं वाचा. दर्शनी बाजूला एलिझाबेथ राणी, राफेल मॅकलूफ यांनी केलेली. मॅकलूफ यांचा चेहरा १९८५ ते १९९७ या काळातला, म्हणजे साल आणि चेहरा जुळतात. एखाद्या नाण्यावर साल एक आणि चेहरा दुसऱ्याच काळातला असेल तर थांबा आणि चौकशी करा. पोबजॉयची ‘पी एम’ ही खूण शोधा. मग मागच्या बाजूला भिंग लावा: कोपऱ्यातली अक्षरं कोणती, म्हणजे कोणत्या ओळीतलं कितवं तिकीट चित्रकाराने समोर ठेवलं होतं? वरच्या कोपऱ्यातल्या नक्षीचे किरण आहेत का? चेहऱ्यामागची बारीक जाळी धातूत उतरली आहे की सपाट काळं सोडलं आहे? शेवटी वायनच्या पदकाचा फोटो शेजारी धरा आणि नाक, हनुवटी, मानेमागचा केसांचा अंबाडा पाहा.

यानंतर कॅनडा. सँडफर्ड फ्लेमिंग यांनी रेखाटलेलं बीव्हरचं तीन पेन्सचं तिकीट १८५१चं. त्यावर राणीचा चेहरा नाही, पण मुकुट आहे आणि व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरं आहेत. २००१ साली दीडशे वर्षांनिमित्त रॉयल कॅनेडियन मिंटने तीन सेंटचं नाणं काढलं, चांदीचं, वर सोन्याचा मुलामा. तीन पेन्सच्या तिकिटासाठी तीन सेंटचं नाणं ही कल्पना मला अजून आवडते.

तिसऱ्या वाटेवर आपलं नाणं आहे. १८५४ साली भारतभर एकसारखा टपालदर आणि राणीच्या चेहऱ्याची तिकिटं आली. त्याला २००४ मध्ये दीडशे वर्षं झाली तेव्हा भारत सरकारने एक रुपयाचं आणि शंभर रुपयांचं स्मृतिनाणं काढलं. एक रुपयाचं पोलादी. शंभराचं ३५ ग्रॅम वजनाचं, ४४ मिलिमीटरचं, आणि त्यात चांदी निम्मी, बाकी तांबं, निकेल, जस्त.

पायरी ५: धातू तपासा

इथे लोक सर्वात जास्त फसतात. क्राउन आकाराच्या नाण्यांत चांदीचं वजन २८.२८ ग्रॅम आणि कप्रोनिकेलचंही २८.२८ ग्रॅम असतं, व्यास दोन्हींचा सुमारे ३८.६ मिलिमीटर. म्हणजे वजनकाट्यावर ठेवून चांदी ओळखता येत नाही. लोहचुंबकही उपयोगाचा नाही, दोन्ही चिकटत नाहीत. फरक जाडीत आहे. चांदी जड, म्हणून तेवढ्याच वजनाचं नाणं थोडं पातळ. डिजिटल कॅलिपरने दोन्ही मोजून बघा.

सुटं, हाताळलेलं नाणं असेल तर पाण्याची चाचणी करा. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या. त्यावर पाण्याची वाटी ठेवा आणि आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असं धरा. काट्यावर जो आकडा येईल तेवढे घन सेंटिमीटर नाण्याचं आकारमान. २८.२८ ला त्या आकड्याने भागा. काटा २.७ च्या आसपास दाखवत असेल तर भागाकार १०.३ च्या जवळ येईल, म्हणजे ९२५ ची, अर्थात ९२.५ टक्के चांदी. ३.२ च्या आसपास दाखवला तर भागाकार ८.९ च्या जवळ, म्हणजे कप्रोनिकेल किंवा वरून चांदीचा मुलामा दिलेलं तांबं.

प्रूफ नाणं, म्हणजे आरशासारख्या पृष्ठभागाचं, कधीही पाण्यात घालू नका. त्यासाठी ज्या सराफाकडे एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातू तपासणारं यंत्र आहे त्याच्याकडे जा. नाण्याला ओरखडा न काढता ते धातू सांगतं. मात्र यंत्र वरवरचा थरच वाचतं, त्यामुळे मुलामा दिलेल्या नाण्यावर, काळ्या असो की सोनेरी, त्याच्या एकट्या आकड्यावर विसंबू नका. जाडीही मोजा.

मी स्वतः एकदा ‘चांदीचं पेनी ब्लॅक नाणं’ म्हणून एक तुकडा घेतला होता. विक्रेत्याच्या वर्णनात ‘चांदीचा थर’ हे शब्द होते आणि मी फक्त ‘चांदी’ वाचलं. पाण्याच्या चाचणीत भागाकार ८.९ आला. तेव्हापासून वर्णनातला प्रत्येक शब्द बोट ठेवून वाचतो.

पायरी ६: नाणं आहे की पदक?

स्मृतिनाण्यावर बहुधा तीन गोष्टी असतात: ते काढणाऱ्या देशाचं नाव, दर्शनी किंमत, आणि साल. क्राउन, पौंड, डॉलर, सेंट, बहुधा काहीतरी किंमत असते. काही जुन्या ब्रिटिश क्राउनवर किंमत नसते, पण एरवी किंमतच नसेल तर तो तुकडा बहुधा पदक असतो, कितीही सुंदर असला तरी. पदक जमवू नये असं मी म्हणत नाही, वायनचं मूळ काम पदकच होतं. पण पदकाचा भाव पदकाचा असावा.

प्रमाणपत्र वाचताना ‘मर्यादित संख्या’ हा आकडा कशाचा आहे ते बघा. पुष्कळदा तो डब्यांचा असतो, नाण्यांचा नाही. तेच नाणं दुसऱ्या डबीत आणखी हजारोंनी विकलेलं असतं. नाणं, लिफाफा आणि तिकीट एकत्र बसवलेली कव्हरं मिळतात, त्यांवरही हेच तपासा. कव्हर फाडून नाणं बाहेर काढू नका, एकत्र असण्यातच त्याचं मोल आहे.

काही संचांत ‘अस्सल पेनी ब्लॅक’ तिकीटही देतात. ते बघताना चारही कडा मोकळ्या आहेत का हे आधी पाहा. कात्री चित्रात घुसलेली असेल तर किंमत खाली येते. लाल पेनी तिकिटाचा रंग बदलून काळं केल्याची उदाहरणं आहेत. मोठी रक्कम देत असाल तर तज्ज्ञ संस्थेचा दाखला मागा.

पायरी ७: भाव ठरवा आणि मगच ऑर्डर द्या

चांदीच्या नाण्याची खालची मर्यादा धातूने ठरते. २८.२८ गुणिले ०.९२५, म्हणजे २६.१६ ग्रॅम शुद्ध चांदी. त्याला त्या दिवसाच्या भावाने गुणा. आपल्या शंभर रुपयांच्या नाण्यात ३५ ची निम्मी, म्हणजे साडेसतरा ग्रॅम. याच्या वरची रक्कम तुम्ही कलेसाठी, संख्येसाठी आणि डबीसाठी देता. डबीला किती द्यायचं ते आता तुमच्या हातात आहे. कप्रोनिकेलमध्ये धातूची किंमत नगण्य, तिथे फक्त स्थिती बघा: मुलामा उडालाय का, कडेला ठोकर आहे का, बोटाचे ठसे बसलेत का.

परदेशातून मागवताना नाण्याच्या किमतीवर थांबू नका. टपाल, विमा, सीमाशुल्क आणि कर धरून हिशेब करा. सोन्याचांदीच्या आयातीचे नियम बदलत असतात, म्हणून पैसे भरण्याआधी कुरिअर कंपनीकडून लेखी विचारून घ्या. लंडन-टोरांटोला कोणी नातेवाईक असेल तर त्यांच्याकडून फोटो आणि वजन मागवून घेणं सर्वात बरं.

पायरी ८: ठेवण

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात चांदी काळी पडते. नाणं त्याच्या मापाच्या ॲक्रिलिक कॅप्सूलमध्ये, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि ती पुडी दर पावसाळ्यात बदला. पीव्हीसीची मऊ पाकिटं वापरू नका, काही वर्षांत त्यांतून हिरवा चिकट थर नाण्यावर बसतो. नाणं नेहमी कडेला धरा.

चिंच, लिंबू, खाण्याचा सोडा, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट, यांपैकी काहीही नाही. देवाची चांदीची भांडी उजळणं वेगळं आणि नाणं उजळणं वेगळं. घासलेल्या नाण्याची किंमत परत येत नाही, आणि काळ्या मुलाम्याच्या नाण्यावर तर एक हात फिरला तरी चट्टा पडतो. जोडीच्या तिकिटाला हात लावू नका, चिमट्याने उचला, माउंटमध्ये ठेवा. लॅमिनेशन केलेली तिकिटं मी पाहिली आहेत, ती कायमची गेली.

पायरी ९: देशाबाहेर नेण्यापूर्वी

हे परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी मुद्दाम. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं झालेलं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खाजगी व्यक्तीला ते भारताबाहेर नेता येत नाही. आजीने दिलेला राणीछाप रुपया आठवण म्हणून सामानात टाकणं, किंवा डुकराचा रुपया परदेशी लिलावात विकायला पाठवणं, हे दोन्ही यात येतं. १९९०चं क्राउन किंवा मेचिनची दहा पेन्स मात्र या कायद्यात येत नाहीत. घरातला रुपया घरातच राहू द्या आणि त्याचा दोन्ही बाजूंचा चांगला फोटो सोबत घेऊन जा.

पायरी १०: पहिलं पान लावा

अल्बमचं पहिलं पान मी असं लावलं आहे. डावीकडे वर वायनच्या पदकाचा फोटो, त्याखाली पेनी ब्लॅकची मोठी केलेली छपाई, उजवीकडे १९९०चं क्राउन, आणि खालच्या ओळीत देवघरातल्या १८४०च्या रुपयाचा फोटो. नेमका तोच चेहरा नाही तो: पदकावर आणि तिकिटावर मुकुटपट्टा आहे, रुपयावर केसांना फीत बांधलेली आहे. प्रत्येकाखाली पेन्सिलीने साल, धातू, वजन, व्यास, जाडी, कोरणाऱ्याचं नाव, कुठून आणि किती रुपयांना घेतलं ते लिहा. रुपयाच्या बाबतीत शेवटच्या दोन जागी मी फक्त ‘आजीकडून’ असं लिहिलं आहे.

पान झालं की सकाळच्या तिरप्या उजेडात खिडकीपाशी धरा आणि चारही चेहऱ्यांची मानेची रेघ एकापाठोपाठ एक बघा.